देवमासा आला तेव्हा हे झोपले होते

४ जानेवारी, जहाज सुटण्याआधी

ताई,

नमस्कार, तब्येत, गुडघे वगैरे सगळं मी विचारलं असं तू धरून चाल, कारण मला आधी जहाजाबद्दल सांगायचंय, नाहीतर मी फुटेन.

मला वाटायचं जहाज म्हणजे मोठी होडी. अगं, होडी कसली! टॅक्सी बंदराकडे वळली तर समोर एक पांढरीशुभ्र इमारत. मी यांना म्हटलं, "ही इमारत मध्येच कुणी बांधली? हिच्यामुळे जहाज दिसतच नाही." टॅक्सीवाला गालात हसला. ती इमारत म्हणजेच जहाज होतं! माझा आ वासला तो अजून मिटलेला नाही. आत लिफ्ट आहे, न्हाव्याचं दुकान आहे, कुंड्यांमधून झाडं आहेत, आणि हे सगळं पाण्यावर तरंगणार म्हणतात. सकाळी घरून निघताना दोन दोन स्वेटर अंगावर होते आणि नळाचं पाणी गोठलेलं. विमानातून इथे उतरलो तर घाम. लोक अर्ध्या चड्ड्या घालून हिंडतायत आणि मी मोजे कुठे लपवू अशी झाले.

तू म्हणशील, फोन का नाही केलास. एक तर समुद्रात फोन लागणार नाही, आणि लागला तरी तू मला बोलू देत नाहीस. कागद मध्ये बोलत नाही. बेट येईल तिथे पत्र टाकत जाईन.

मुलीला वाटतंय की तिने आईबाबांना दुसऱ्या मधुचंद्राला पाठवलंय. पहिला झालाच नव्हता, हे तिला कुठे ठाऊक! आणि तुझ्या माडीवरची खोली मी मागून ठेवलीय हेही तिला ठाऊक नाही. यांनाही नाही. ते फक्त तुला आणि मला. या प्रवासातून परतले की तुला सांगायचं कबूल केलंय मी: यांच्याबरोबर राहते, की कायमची तुझ्याकडे येते. तू म्हणालीस, नीट विचार कर, घाई नको. आणि फोन ठेवायच्या आत पडद्यांचा रंग विचारलास.

मुलीच्या लग्नात तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, "तुम्ही नवराबायको कसले, एका खोलीचे दोन भाडेकरू आहात. एक दिवसाचा, एक रात्रीचा." त्यानंतर किती वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही, आठवतंय ना? तू खोटं बोलली असतीस तर मी आठवड्यात विसरले असते.

हे रात्रभर वर्तमानपत्र छापायचे. उद्या जगाला काय कळणार ते यांना आजच ठाऊक, आणि बायकोला कळायचं ते परवा. हे पहाटे घरी यायचे, मी सकाळी बालवाडीत पळायचे. मी दुपारी परतायचे तेव्हा हे गाढ झोपेत. यांची सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी, माझी रविवारी. आता तू विचारशील, मग मुलगी कशी झाली. वर्षातून चार दिवस छापखानासुद्धा बंद असतो, ताई.

बालवाडीत मी दिवसभर गाणी म्हणायचे, कोंबडा व्हायचे, आगगाडी व्हायचे, आणि घराचा जिना चढताना आवाज खाली ठेवून यायचे. फोनवर उशी. भांड्यांखाली फडकं. मुलीचा पहिला शब्द "आई" नव्हे, "श्श्" होता. हेही तसेच. अंधारात कपडे बदलतील, नळाची धार सुतासारखी सोडतील, पण माझी झोप चाळवू देणार नाहीत.

आता दोघंही घरी बसलोय, तरी यांना रात्री झोप येत नाही आणि दिवसा जाग येत नाही. समोरासमोर आलो की एकच विषय: जेवलीस का, जेवलात का. मला माणूस हवंय गं बोलायला. आता या वयात मागितलं म्हणून काही चुकलं का माझं?

भोंगा वाजला. केवढा तो आवाज, पायाखालची लादीसुद्धा थरथरली! लहानपणी तुम्ही मला ज्या नावाने चिडवायचात त्याचा अर्थ आज कळला.

तुझा भोंगा

७ जानेवारी, भर समुद्रात

ताई,

आधी समुद्र सांगते, मग भांडण.

चारी बाजूंना पाणी. तू म्हणशील, मग समुद्रात आणखी काय असणार? अगं, पण खरंच काही म्हणजे काही नाही! इतकं मोठं काहीच नसणं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. कठड्याला धरून उभी राहिले ती आत जाववेना. सकाळी पाणी करडं होतं, दुपारी असं निळं की मी उगीच साडीचा पदर त्याच्याशी लावून बघितला. पदर विटका दिसायला लागला. दूरवर एका ढगातून पाऊस पडत होता, त्या ढगापुरताच. आजूबाजूला लख्ख ऊन आणि मध्ये एक राखाडी खांब पाण्यावरून चालत निघालेला. एवढ्या मोठ्या समुद्रात तो पाऊस कोणासाठी पडत होता, कोण जाणे. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कारण विचारू नकोस.

जेवायला आमच्या टेबलावर एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको असतात. मी त्यांना दातवाले आणि दातवालीण म्हणते, मनातल्या मनात. दोघं अखंड भांडतात. खिडकीशी कोण बसणार, मीठ कोणी संपवलं, टोपी कोणी हरवली. यांना त्यांचा कंटाळा येतो. मी मात्र टक लावून बघत बसते. भांडायलासुद्धा दोघं जागी असावी लागतात ना.

तर काल सकाळी मी न्याहारीला आले. हे आधीच बसलेले, पावाला लोणी लावत. दातवालीण म्हणाली, "काय हो तुमच्या मिस्टरांची नजर! त्यांनी हाका मारल्या म्हणून तर आम्हाला दिसले. शेकड्यांनी होते, शेकड्यांनी!"

"काय शेकड्यांनी?"

"डॉल्फिन! जहाजाच्या बरोबरीने उड्या मारत होते, बराच वेळ. तुम्ही नव्हतात का?"

मी यांच्याकडे बघितलं. लोणी लावणं चालूच.

"तुम्ही यांना हाका मारल्यात?"

"शेजारीच उभे होते," हे म्हणाले.

"आणि मी?"

"तू झोपली होतीस."

असं म्हणाले, ताई, जसं कुणी "बाहेर ऊन आहे" म्हणावं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परक्या दातवाल्यांना हाका, आणि बायको दोन जिने खाली पडलीय तिला नाही! चार लोकांत बोलता येईना म्हणून मी अख्खी पपई संपवली. केबिनमध्ये आल्यावर म्हटलं, "अहो, खाली येऊन मला उठवायचं होतंत."

"तुझी झोप मोडली असती."

"मग मोडायची!"

यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी म्हटलंय, शेजाऱ्यांची काच फोडा. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत मी तुझी झोप एकदाही मोडलेली नाही." आणि हे सांगताना मान ताठ, बरं का! मास्तरांनी शाबासकी द्यावी म्हणून उभं राहिलेलं पोर कसं असतं, तसे उभे.

आणि मग पडदा ओढून झोपून गेले, कारण यांची झोपायची वेळ झाली होती.

शेकडो डॉल्फिन, ताई. मी चित्रातला एक डॉल्फिन पोरांना दाखवून दाखवून झिजवला. खरे शेकड्यांनी माझ्या डोक्यावरून गेले आणि मला कळलंसुद्धा नाही. भाडेकरूसुद्धा एकमेकांना दार वाजवून सांगतात गं, पाणी आलंय म्हणून.

पडदे शिवून टाक. पिवळे चालतील.

तुझा भोंगा

१० जानेवारी, बेटावरून परत आल्यावर

ताई,

आज मी पाण्याखाली जाऊन आले. वेड लागलेलं नाही, शुद्धीवर आहे.

बेट सकाळी वर आलं. वर आलं असंच म्हणायला हवं, कारण आधी फक्त एक ढग होता, मग ढगाखाली डोंगर उगवला, मग डोंगराला झाडं फुटली आणि झाडांना घरं. काळी वाळू. मी ती पायाने उकरून बघितली, आतूनही काळीच. हे झोपले होते, म्हणून मी दातवाल्यांच्या बरोबर गेले. एका पोरीने आमच्या तोंडावर काचेचा मुखवटा चढवला, दातात नळी दिली आणि म्हणाली, "फक्त डोकं खाली घाला, आजी. बाकी सगळं पाणीच करेल."

डोकं खाली घातलं.

ताई, खाली एक गाव आहे! मी चेष्टा करत नाहीये. तिथे गल्ल्या आहेत, कोपरे आहेत, उंबरे आहेत. पिवळे मासे घोळक्याने फिरतात आणि एकदम, कुणी शिट्टी वाजवल्यासारखे, सगळे वळतात. बालवाडीत इतक्या वर्षांत मला अशी रांग जमली नाही. एक निळा मासा दगड कुरतडत होता, आणि त्याच्या दातांचा कुरूमकुरूम आवाज मला ऐकू येत होता. एक अगदी छोटा, बोटाच्या पेराएवढा, माझ्या काचेपाशी आला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याने मला हाकललं, ताई! मी त्याच्या अंगणात उभी होते म्हणून. मी "अगं बाई!" म्हणायला तोंड उघडलं आणि समुद्र प्यायले. दातवाल्यांनी मला उचलून धरलं तेव्हा मी खोकत होते, हसत होते, आणि परत खाली जाऊ द्या म्हणून त्यांचा हात सोडवत होते.

हे सगळं सतत चाललेलं असतं, आपण घरी डाळ निवडत असतो तेव्हासुद्धा. हा विचार मनात आला आणि मी पुन्हा डोकं खाली घातलं.

परत येताना बोटीत मी सगळं जुळवून ठेवलं, आधी पिवळे सांगायचे, मग निळा, मग तो टीचभर भांडखोर. पळतच केबिनपाशी आले. दार उघडलं तर पडदे ओढलेले, हे भिंतीकडे तोंड करून झोपलेले. मी चपला बाहेरच काढल्या. केसांतून पाणी गळत होतं त्याचा टपटप आवाज होईल म्हणून डोक्याला टॉवेल बांधला आणि अंधारात खुर्चीवर बसून राहिले. पोटात इतकं, आणि तोंडाला कुलूप. संध्याकाळी हे उठले तोवर सगळं थंड झालं होतं. "कसं होतं बेट?" म्हणाले. मी म्हटलं, "छान होतं."

बघ, असं आहे माझं. यांच्यासमोर माझा शब्द असा जागच्या जागी वाळतो. तुझं म्हणणं खरं ठरलं, आणि ते मी लेखी देतेय. पुन्हा पुन्हा वाचून दाखवू नकोस म्हणजे झालं.

तुझा भोंगा

१३ जानेवारी, समुद्रात

ताई,

आज अक्षर सांभाळून घे.

दुपारचं जेवण झालं. हे झोपायला खाली गेले, मी डेकवर खुर्ची टाकून पेंगत होते. तेवढ्यात कर्णा खरखरला आणि कप्तान म्हणाला, उजव्या हाताला बघा. लोक धावले. मीही गेले, धक्के मारत गेले.

आधी काहीच नाही. मग पाण्यातून "हूऽऽफ्" असा आवाज आला आणि पांढरा फवारा उडाला. ताई, तो श्वास होता. मला आधी वाटलं समुद्रानेच सोडला. कानांनी नाही, मी तो पोटात ऐकला. मग पाठ वर आली. काळी, ओली, चकचकीत पाठ, आणि ती येतच राहिली, येतच राहिली, संपेचना. मला वाटलं आता शेपूट येईल, तरी पाठच. आणि तिच्या कुशीला चिकटून एक छोटी पाठ, तिचाही एवढासा फवारा. लेकरू होतं तिचं! इतके लोक कठड्याला चिकटलेले, पण कुणाचा आवाज नाही. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे राहिले होते. इतकं मोठं काही जिवंत असू शकतं आणि ते इतकं सावकाश, इतकं शांत, लेकराच्या चालीने चालू शकतं! आयुष्यभर मी मोठमोठ्या आवाजात "देवमासा" म्हटलं, आणि त्या शब्दात देव का आहे याचा विचार कधी केला नाही.

शेजारी दातवाले भांडत होतेच, पण कुजबुजत. "डावीकडे बघ म्हटलं ना." "तुमच्या डोक्यामुळे दिसत नाही." मग दातवालीण माझ्याकडे वळून म्हणाली, "अय्या, तुमचे मिस्टर कुठेत?"

मी म्हटलं, "झोपलेत." आणि ओठांवर बोट ठेवलं.

ताई, मी ओठांवर बोट ठेवलं! भर समुद्रात, समोर देवमासा, आणि मी त्या बाईला "श्श्" केलं. ते बोट तिथे कसं गेलं ते मला कळलंच नाही. मी ते बोट धरून बघत राहिले, कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं. यांना उठवावं हे माझ्या मनातच आलं नव्हतं. एकदासुद्धा नाही. आणि त्या दिवशी यांच्यावर केवढी आग पाखडली होती मी!

मग मी पळाले. माझं वजन तुला माहीत आहे, पळाले म्हणजे काय झालं असेल ते तूच बघ. लिफ्ट येईना म्हणून जिन्याने. खाली सगळी दारं सारखी. एका परक्या दारावर थापा मारल्या, आतून कुणीतरी ओरडलं. आमचं दार उघडलं, आत अंधार, आणि ताई, माझे पाय आपोआप टाचा वर करून चालायला लागले. पलंगापाशी पोचले, हात पुढे केला, तर तो जाईना. अर्ध्यावर अडला. यांचं तोंड किंचित उघडं होतं आणि हे इतके थकलेले दिसत होते. तिकडे वर ती दोघं निघून चालली असणार, आणि मी इथे कुठे हात ठेवू, खांद्यावर की दंडावर, याचा विचार करत उभी!

शेवटी मी बालवाडीतला आवाज लावला. "उठाऽऽ!"

हे ताडकन उठून बसले. तोंड पांढरंफटक. "कोण गेलं?"

आमच्या घरात यांना दिवसा उठवलं ते दोनदाच, एकदा यांची आई गेली तेव्हा आणि एकदा आपले बाबा गेले तेव्हा.

"कुणी नाही गेलं. चला लवकर!"

"पोरगी बरी आहे ना?"

"सगळे जिवंत आहेत! देवमासा आलाय!"

"कोण आलंय?"

"मासा हो, मासा! चला!"

हात धरून ओढतच नेलं. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, पायात काही नाही. वर सगळे लोक नटूनथटून उभे, आणि त्यांच्या मधून मी यांना ओढतेय. कठड्यापाशी पोचलो.

काहीच नव्हतं. समुद्र जसाच्या तसा. लोक पांगायला लागले होते. फक्त पाण्यावर एक मोठा गोल होता, इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत. दातवाले म्हणाले, ती खाली जाताना शेपटी मारते त्याचा तो ठसा, थोडा वेळ राहतो. मला रडूच कोसळलं. हमसून हमसून रडले, लोकांसमोर.

हे त्या गोलाकडे बघत होते. बघता बघता त्याच्या कडेने लाटा आत शिरल्या आणि तो मिटला. मग म्हणाले, "केवढी होती?"

मी डोळे पुसले आणि चालायला लागले. कठड्याला हात लावून म्हटलं, "इथून," आणि चालत चालत, लोकांना बाजूला करत, पार त्या टोकाला जाऊन ओरडले, "इथपर्यंत!" परत येऊन फवारा करून दाखवला. पाठ कशी येतच राहिली ते दाखवलं. लेकरू कसं चिकटलेलं ते यांच्याच कुशीला चिकटून दाखवलं. हे नुसते बघत होते. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे तू मला मासा दाखवायला उठवलंस."

"हो."

"कुणी गेलेलं नाही."

"नाही."

"नुसता मासा."

"हो, म्हटलं ना!"

आणि हे हसले. ताई, हे हसले म्हणजे काय सांगू तुला! पोटातून, मान मागे टाकून, कठडा धरून. त्या हसण्याला अंतच नाही. पांगलेले लोक परत वळून बघायला लागले. माझ्या नवऱ्याचं हसणं एवढं मोठं आहे हे मला माहीतच नव्हतं गं! कसं असणार? छापखान्यात यंत्रांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसेल, आणि घरी मी होते, ओठांवर बोट ठेवून. मी बाजूला उभी राहून ते ऐकत राहिले. मघाशी तो श्वास ऐकला होता, तसंच पोटात.

नंतर आम्ही तिथेच बसलो, अंधार पडेपर्यंत. यांनी मला डॉल्फिन सांगितले, अगदी पहिल्यापासून. किती छान सांगतात, ताई! कुठला कसा तिरका उडाला, एकाची पाठ कशी खरवडलेली होती. मध्येच थांबून म्हणाले, "त्या दिवशी दोनदा खाली आलो होतो. तुझ्याजवळ उभा राहिलो. हात पुढे होईना."

मला बोलायचं होतं, पण मला यांचं ऐकायचंही होतं.

तुझा भोंगा

१६ जानेवारी, परतीच्या वाटेवर

ताई,

तुला उत्तर द्यायचंय. पण आधी आज पहाटेचं ऐक.

जाग लवकरच आली. हे कपडे चढवत होते, अंधारात, नेहमीसारखे. मी डोळे मिटून पडून राहिले. मनाशी ठरवलं: आज जर हे मला न उठवता वर गेले, तर परवाचं हसणं हे एक दिवसाचं नवल होतं, आणि मी ताईकडे जाणार. उठवलं तर बघू. आता हसू येतं, पण तेव्हा छाती इतकी धडधडत होती की यांना ऐकू जाईल असं वाटलं.

हे दारापर्यंत गेले. परत आले. खोकले. मी घोरले, थोडंसं, खरं वाटावं म्हणून. यांनी खुर्ची सरकवली. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला, चांगला धो धो. मी ढिम्म. पडदा उघडला. बूट हातातून पाडला, आणि तो पाडलेलाच होता, कारण यांच्या हातून कधी काही पडत नाही. मला हसू आवरेना, उशीत तोंड खुपसलं. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, संपलं, गेले.

आणि कुणीतरी माझ्या पायाचा अंगठा धरून हलकेच ओढला.

ताई, मुलगी लहान असताना मी सकाळी निघून जायचे, आणि तिला शाळेसाठी हे उठवायचे. ती सांगायची, "बाबा अंगठा ओढून उठवतात." तेवढीच एक रीत यांना येते. माणसाला उठवायची दुसरी कुठली रीत कधी शिकायची वेळच आली नव्हती.

मी उठून बसले. "काय आहे? काय आलंय?"

"काही नाही," हे म्हणाले. "ढग आहेत नुसते."

"मग उठवलंत कशाला?"

यांनी जरा विचार केला. "उठवून बघितलं."

वर गेलो. खरंच काही नव्हतं, सगळं करडं. दोघं शाली गुंडाळून उभे राहिलो. मग ढगांच्या खालून, अगदी पाण्याच्या रेषेवरून उजेडाची एक फट पडली आणि ती समुद्रभर धावत आमच्यापर्यंत आली. सूर्य दिसलाच नाही. पण पाणी आतून पेटल्यासारखं झालं आणि यांच्या चेहऱ्यावर तो रंग चढला. मी "अगं बाई!" म्हणाले, मोठ्याने, आणि यांनी दचकून इकडेतिकडे नाही बघितलं.

तर उत्तर. मी येत नाही, ताई. राहायला येत नाही.

तुला वाईट वाटणार, आणि ते मला इथे बसून दिसतंय. तू पडदे शिवले असशील, बहुधा गादीही कापसाची घातली असशील, आणि जेवायला समोर कुणीतरी असेल म्हणून मनात खूशही झाली असशील. त्याबद्दल मला रागव, हवं तेवढं. तू चुकीचं काही बोलली नव्हतीस. आम्ही भाडेकरूच होतो. पण मी त्या दुसऱ्या भाडेकरूला भेटले गं आत्ता कुठे! मला त्याच्याशी भांडायचंय, खिडकीवरून, मिठावरून. आमचं जमेलच असं नाही. हे अजून रात्री हिंडतील आणि दिवसा झोपतील, ती सवय अशी आठ दिवसांत जायची नाही. पण मला बघायचंय.

तू मात्र ये आमच्याकडे, थंडी ओसरली की. पिवळे पडदे घेऊन ये, आमच्या खिडकीला लावू. आणि यांच्याशी भांड, तुझं बरंच बोलायचं राहिलंय. आता घरात आवाज चालतो.

हे आत झोपलेत, दुपार आहे. मी दाराशी बसून लिहितेय. वर डेकवर एकदम आरडाओरडा सुरू झालाय, लोक धावतायत, दातवालीण माझ्या नावाने हाका मारतेय. काय आलंय ते मी अजून बघितलेलं नाही. आधी यांना उठवते.

तुझा भोंगा